ऑनलाइन परदेशी भाषा शिकताना येणाऱ्या अडचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच, जर्मन, जपानी, स्पॅनिश, कोरियन, अरबी… भाषा कोणतीही असो, ऑनलाइन शिकणाऱ्यांचे प्रश्न फारसे बदलत नाहीत. कुठे अडलं की मनात दोनच निष्कर्ष येतात: 'हे अ‍ॅपच बेकार आहे' किंवा 'भाषा हा आपला प्रांतच नाही'. यातला दुसरा मला जास्त सलतो. तो काढून माणसं शिकणंच सोडून देतात, आणि पुष्कळदा दोष निघतो एखाद्या सेटिंगचा. म्हणून खालच्या उत्तरांत पहिला प्रयत्न एकच आहे: अडचण यंत्रात आहे, अभ्यासक्रमात आहे की अजून न झालेल्या सरावात, हे वेगळं काढणं.

शिक्षकांचे शब्द ऐकू येतात, पण 'स', 'श', 'फ' यांतला फरक कळत नाही. माझा कान कच्चा आहे का?

कानाला दोष देण्याआधी हेडफोन बघा. ब्लूटूथ हेडसेटवर नुसतं गाणं ऐकताना आवाज भरदार येतो. पण त्याच हेडसेटचा माइक चालू झाला की तो फोनवर बोलण्यासाठी असलेल्या वेगळ्या पद्धतीवर जातो आणि दोन्ही बाजूंचा आवाज दबतो. या पद्धतीच्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं, म्हणजे त्याहून उंच पट्टीचं, काहीच पोहोचत नाही. नव्या प्रकारात १६,००० नमुने असतात आणि मर्यादा ८,००० हर्ट्झपर्यंत जाते. 'स', 'फ' यांसारख्या घर्षणाच्या ध्वनींची ओळख पटवणारा बराचसा भाग ४,००० हर्ट्झच्या वरच असतो. मातृभाषेत मेंदू हा गळालेला भाग संदर्भावरून भरून काढतो. नव्या भाषेत त्याच्याजवळ भरायला काही नसतं, त्यामुळे ज्या आवाजावर घरच्यांशी तासभर गप्पा होतात त्याच आवाजावर भाषेचा वर्ग अवघड जातो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे वायरचे साधे इअरफोन. ते नसतील तर ऐकण्यासाठी ब्लूटूथ राहू द्या आणि मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. बहुतेक संगणकांवर हेडसेट मग पुन्हा चांगल्या आवाजावर येतो. हा बदल करून त्याच शिक्षकांकडून तेच दोन शब्द पुन्हा म्हणवून घ्या.

फरक आता कळला, तर दोष यंत्राचा होता. नाहीच कळला, तर कानाला सराव हवा: एकाच ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या जोड्या घ्यायच्या, ऐकून कोणता शब्द ते ओळखायचं, लगेच उत्तर तपासायचं. रोज थोडा वेळ पुरतो. मात्र आवाज निरनिराळ्या माणसांचे हवेत. एकाच शिक्षकांच्या आवाजावर तयार झालेला कान दुसऱ्या माणसासमोर गोंधळतो. फोर्व्होसारख्या साइटवर त्या-त्या भाषेच्या लोकांनी स्वतः उच्चारलेले शब्द मिळतात, ते इथे फार उपयोगी पडतात.

शिक्षक म्हणतात, 'शब्दाचा शेवट ऐकू आला नाही.' मी तर नीट म्हटला होता!

तुम्ही खरंच नीट म्हटला असण्याची शक्यता आहे. मीटिंगची अ‍ॅप्स पंख्याचा, टायपिंगचा, रस्त्यावरचा आवाज आपोआप गाळतात. ही गाळणी कधीकधी श्वासासारख्या ध्वनींनाही गोंगाट समजते. शब्दाच्या शेवटचे हलके 'त' आणि 'क', जर्मनमधला टाळूजवळ घासत येणारा ध्वनी, फ्रेंचमधला घशातला 'र', असे नेमके शिकायचे ध्वनी तिच्या तावडीत सापडतात. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' नावाची सोय आहे, ती चालू केली की ही गाळणी थांबते. नाव संगीतकारांचं असलं तरी ती भाषेच्या वर्गालाही तितकीच लागू पडते. गूगल मीट आणि टीम्समध्ये नॉइज कॅन्सलेशन किंवा नॉइज सप्रेशन बंद करता येतं.

हे करताना खोली शांत हवी आणि कानात हेडफोन हवेत, नाहीतर समोरच्याला सगळा गोंगाट आणि स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू जाईल. उच्चाराच्या तासाला शिक्षकांनाही हीच सेटिंग बदलायला सांगा. बऱ्याच शिक्षकांना ती माहीत नसते.

स्पीड टेस्टमध्ये नेट उत्तम दिसतं, तरी वर्गात आवाज तुटतो. असं का?

कारण वेग आणि स्थिरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या आवाजाला सेकंदाला साधारण १०० किलोबिट्सही लागत नाहीत. झूमच्या सांगण्यानुसार दोघांच्या चांगल्या व्हिडिओ कॉललाही सुमारे ६०० किलोबिट्स पुरतात. म्हणजे वेग बहुतेकांकडे गरजेपेक्षा जास्त असतो. खरा त्रास असतो तो आवाज पोहोचायला लागणाऱ्या वेळेचा, आणि हा वेळ सतत कमी-जास्त होत राहण्याचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सहसा स्वाभाविक वाटतं. ४०० च्या पुढे तो चालवून घेण्याजोगा राहत नाही.

करून बघायच्या गोष्टी, ज्या क्रमाने त्यांचा उपयोग होतो त्या क्रमाने सांगतो. राउटरला केबलने जोडून बघा. केबल शक्य नसेल तर राउटरच्या जवळ बसा आणि २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झचं वायफाय निवडा. २.४ च्या पट्ट्यात शेजाऱ्यांची वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह सगळेच गर्दी करतात. फोटो-व्हिडिओचा आपोआप होणारा बॅकअप वर्गाच्या वेळी थांबवा. तो अपलोडची वाट अडवतो आणि मग तुमचा आवाज समोर तुटक पोहोचतो. व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू असेल तर बंद करा. एवढं करूनही तुटत असेल तर व्हिडिओ बंद करून आवाज वाचवा.

पण उच्चार शिकत असाल तर शिक्षकांचा व्हिडिओ शेवटपर्यंत सोडू नका. ओठांचा आकार दिसणं हा धड्याचाच भाग आहे. बंद करायचाच झाला तर आधी स्वतःचा करा.

मला माझाच आवाज परत ऐकू येतो.

प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो त्याच्याकडे सहसा दोष नसतो. समोरच्याच्या स्पीकरमधला तुमचा आवाज त्यांच्या माइकमध्ये शिरतोय, तेव्हा हेडफोन त्यांनी लावायला हवेत. कर्कश शिटीसारखा आवाज आला तर एकाच खोलीत दोन उपकरणं वर्गाला जोडली गेली आहेत का ते बघा.

अ‍ॅपमधल्या बोलण्याच्या सरावात माइक चालतच नाही.

तीन ठिकाणी बघायचं. पहिलं, ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटला माइकची परवानगी दिली आहे का. एकदा चुकून 'ब्लॉक' दाबलं गेलं की साइट पुन्हा विचारत नाही. दुसरं, विंडोज, मॅक किंवा फोनच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये त्या ब्राउझरला किंवा अ‍ॅपला माइक वापरायची मुभा आहे का. ही परवानगी वरच्या परवानगीपेक्षा वेगळी असते. तिसरं, दुसरं एखादं मीटिंगचं अ‍ॅप मागे उघडं राहून माइक अडवून बसलंय का. धड्यातला आवाज आपोआप सुरू होत नसेल तर पानावर कुठेही एकदा क्लिक करून बघा. आजचे ब्राउझर वापरणाऱ्याने काही दाबल्याशिवाय आवाज वाजवू देत नाहीत.

अ‍ॅप माझा उच्चार बरोबर म्हणतं आणि शिक्षक चूक म्हणतात. कोणाचं ऐकू?

शिक्षकांचं. बहुतेक अ‍ॅप्समध्ये आवाजावरून शब्द ओळखणारी प्रणाली असते. तुम्ही काय म्हणत असाल याचा अंदाज बांधणं हे तिचं काम. समोर एकच वाक्य अपेक्षित असलं की ती ओढूनताणून तेच वाक्य ऐकते. हिरवी खूण मिळाली याचा अर्थ 'शब्द ओळखला गेला' एवढाच. 'उच्चार चांगला आहे' असा नाही. उलटही होतं. उच्चार ठीक असून माइक लांब असल्यामुळे किंवा बोलण्याआधीच रेकॉर्डिंग सुरू झाल्यामुळे लाल खूण येते.

स्वतः तपासायचं असेल तर मूळ भाषकाचं एक वाक्य आणि तुमचं तेच वाक्य रेकॉर्ड करून लागोपाठ ऐका. अ‍ॅपच्या कोणत्याही गुणांपेक्षा यातून जास्त कळतं, विशेषतः वाक्याची चाल आणि आघात कुठे चुकतोय ते.

टाइप केलेलं उत्तर अक्षरशः बरोबर आहे, तरी चूक दाखवतं!

हा प्रश्न विचारणारे रडकुंडीला आलेले असतात आणि त्यांची बाजू खरी असते. डोळ्यांना एकसारखी दिसणारी दोन अक्षरं संगणकाला वेगळी असू शकतात. फ्रेंचमधलं डोक्यावर तिरकी रेघ असलेलं अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतं: एक तयार जोडलेलं अक्षर म्हणून, किंवा साधं अक्षर आणि त्यावर वेगळी रेघ म्हणून. उत्तर तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये या दोन्ही रूपांना एक मानण्याची सोय नसेल तर तुमचं उत्तर नापास होतं. अपॉस्ट्रॉफीचंही तसंच: फोन तो वळणदार टाकतो आणि अभ्यासक्रमाला सरळ हवा असतो. जपानी आणि चिनीमध्ये अंक, विरामचिन्हं आणि मोकळी जागाही अर्ध्या आणि पूर्ण रुंदीची असते.

म्हणून त्या भाषेच्या मूळ कीबोर्डवरूनच टाइप करा, दुसरीकडून कॉपी-पेस्ट करू नका, फोनमधली ऑटोकरेक्ट आणि 'स्मार्ट पंक्चुएशन' ही सोय सरावापुरती बंद ठेवा, आणि शेवटी चुकून पडलेली स्पेस काढा. तरीही चूक दाखवत असेल तर धड्यातल्या 'चूक कळवा' बटणाचा वापर करा आणि पुढे चला. त्या उत्तरासाठी संध्याकाळ घालवू नका.

अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. किंवा कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी चिन्हं) पुस्तकातल्यापेक्षा वेगळी दिसते.

चौकोन म्हणजे त्या लिपीचा फॉन्ट तुमच्या उपकरणात नाही. गूगलचे नोटो फॉन्ट मोफत आहेत आणि जवळजवळ सगळ्या लिप्यांसाठी आहेत.

दुसरी गोष्ट जपानी शिकणाऱ्यांनी समजून घ्यायलाच हवी. युनिकोडमध्ये चिनी आणि जपानी भाषांतल्या अनेक समान चिन्हांना एकच क्रमांक दिलेला आहे. ते चिन्ह कोणत्या वळणाने दाखवायचं हे फॉन्ट ठरवतो. फोनच्या भाषांच्या यादीत जपानी नसेल तर तो चिनी वळण दाखवू शकतो आणि तुम्ही तेच गिरवत बसता. फोनच्या भाषांच्या यादीत जपानी जोडा; चिनीही असेल तर जपानी तिच्या वर ठेवा.

परदेशी लिपी टाइप कशी करायची?

सेटिंगमध्ये ती भाषा जोडा. मग विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून, मॅकवर कंट्रोल आणि स्पेस किंवा ग्लोबची कळ दाबून भाषा बदलता येते. जपानी आणि चिनीमध्ये रोमन अक्षरांत उच्चार टाइप करायचा आणि समोर येणाऱ्या पर्यायांतून योग्य चिन्ह निवडायचं. त्यामुळे दीर्घ स्वर की ऱ्हस्व याची चूक टाइप करतानाच उघडी पडते, हा एक चांगला सराव होतो. हाताने लिहिणं मात्र वेगळं शिकावं लागतं.

सराव उघडला की प्रश्न आणि पर्याय दोन्ही इंग्रजीत किंवा मराठीत दिसतात.

ब्राउझरचं आपोआप भाषांतर चालू आहे. पत्त्याच्या पट्टीतल्या भाषांतराच्या चिन्हावर जाऊन 'या साइटचं भाषांतर कधीच करू नका' हा पर्याय निवडा.

माझी सगळी प्रगती गायब झाली!

घाबरू नका, बहुतेक वेळा ती दुसऱ्या खात्यात सुरक्षित असते. पहिल्या दिवशी गूगलच्या बटणाने लॉग-इन केलं आणि नंतर ईमेल-पासवर्डने, तर दोन खाती तयार झालेली असू शकतात. अ‍ॅपलच्या बटणाने ईमेल लपवून खातं उघडलं असेल तर त्याचा पत्ता वेगळाच, अ‍ॅपलने बनवलेला असतो. इनबॉक्समध्ये त्या सेवेचं स्वागताचं पत्र शोधा. ते ज्या पत्त्यावर आलंय तो खरा.

दुसरं कारण म्हणजे ऑफलाइन केलेले धडे. नेट परत आल्यावर अ‍ॅप उघडून ते वर चढेपर्यंत थांबा. त्याआधी अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं तर ते धडे खरोखर जातात. म्हणूनच 'अनइन्स्टॉल करून बघा' हा सल्ला मी कधी पहिला देत नाही.

ठरलेल्या वेळी वर्गात आलो, तर शिक्षक नाहीत. काय चुकलं?

मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर घड्याळ. युरोपीय संघात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. अमेरिकेत हेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. जपान, चीन आणि दक्षिण कोरियात घड्याळ बदलतच नाही. चिलीसारख्या दक्षिण गोलार्धातल्या देशात बदल उलट दिशेने होतो. त्यामुळे मार्चमधल्या काही आठवड्यांत माद्रिद आणि न्यूयॉर्कमधलं नेहमीचं अंतरही तासाभराने हलतं.

वेळ तोंडी ठरवू नका. शिक्षकांकडून कॅलेंडरचं निमंत्रण घ्या. ते प्रत्येकाच्या घड्याळाप्रमाणे आपोआप बदलतं. प्रवासात किंवा व्हीपीएनमुळे साइटवरचा तुमचा टाइम झोन बदलला नाही ना, तेही बघा.

कोणत्या पातळीपासून सुरू करू? आणि किती काळ लागेल?

युरोपीय भाषांसाठी ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा सहा पातळ्या वापरल्या जातात. ही चौकट युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केली. त्यात वर्णन आहे ते 'माणूस काय करू शकतो' याचं, किती धडे झाले याचं नाही. एखादं अ‍ॅप 'तुम्ही बी१ पूर्ण केलं' म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ त्या अ‍ॅपचे धडे संपले एवढाच. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत २०१० पासून एन५ ते एन१ अशा पाच पातळ्या आहेत आणि तिच्यात बोलण्याची परीक्षाच नाही. एन३ झालेल्याला दोन वाक्यं बोलताना घाम फुटतो तो त्यामुळेच; त्यात त्याची हुशारी कमी नसते.

पूर्वी थोडं शिकला असाल तर स्थान ठरवणाऱ्या चाचणीवर पूर्ण विसंबू नका. पर्यायांतून उत्तर ओळखणं सोपं असतं, त्यामुळे चाचणी तुम्हाला वरच्या वर्गात बसवते. एक सोपी तपासणी आहे: खालच्या पातळीचा शेवटचा धडा उघडा आणि त्यातलं संभाषण न बघता स्वतःच्या शब्दांत बोलून दाखवा. अडखळत का होईना, जमलं तर पुढे जा. नाही जमलं तर एक पातळी खालून सुरुवात करा. तिथे घालवलेले आठवडे वाया जात नाहीत.

वेळेचं म्हणाल तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत इंग्रजी भाषकांना स्पॅनिश, फ्रेंच यांसारख्या भाषांसाठी २४ ते ३० आठवडे आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीसाठी ८८ आठवडे धरले जातात. तेही पूर्णवेळ, रोजच्या वर्गासह. आठवड्याला दोन तासिका असणाऱ्याने तीन महिन्यांत अस्खलित होण्याच्या जाहिराती वाचताना हे आकडे जवळ ठेवावेत.

अभ्यासक्रमातली भाषा आणि शिक्षकांची भाषा जुळत नाही.

बहुधा दोघांचा प्रदेश वेगळा आहे. पोर्तुगीज ब्राझीलची की पोर्तुगालची, स्पॅनिश स्पेनची की लॅटिन अमेरिकेची, चिनी लिपी सोपी केलेली की पारंपरिक, हे नोंदणीच्या वेळीच विचारायचं. अरबीत हा प्रश्न सगळ्यात मोठा: बातम्या आणि पुस्तकांची प्रमाण अरबी घराघरांत बोलली जात नाही, आणि बोलीही देशागणिक बदलतात. कैरोतल्या लोकांशी बोलायचं असेल तर त्या बोलीचे शिक्षक शोधा.

उच्चार देवनागरीत लिहून घेतले तर चालतील का?

पहिल्या काही आठवड्यांत, आणि तेही जपून. देवनागरी काही बाबतींत रोमनपेक्षा फार उपयोगी आहे. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पिनयिन पद्धतीत 'बी' या रोमन अक्षराने लिहिलेला ध्वनी आपल्या 'प'जवळचा आहे आणि 'पी'ने लिहिलेला ओठ मिटून म्हटलेल्या 'फ'जवळचा. प आणि फ यांतला श्वासाचा फरक आपल्याला बालपणापासून येतो. इंग्रजी भाषकाला तो शिकावा लागतो.

पण काही ठिकाणी हीच लिपी फसवते. मराठीत शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहायची सवय हाताला असते. जपानीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो, आणि आपल्या वहीत दोन्ही शब्द एकसारखे लिहिले जातात. फ्रेंचमधले निरनिराळे अनुनासिक स्वर एका अनुस्वारात कोंबले जातात आणि वाचताना त्यातून 'न' नाहीतर 'म' बाहेर पडतो. ओठांचा चंबू करून म्हणायचा फ्रेंच-जर्मनमधला 'ई'सारखा स्वर लिहायला तर चिन्हच नाही. शब्दाचा अर्थ बदलणारे चिनीतले सूर, म्हणजे आवाजाचे चढ-उतार, गळूनच पडतात. तेव्हा देवनागरी टिपण हा ऐकलेल्या आवाजाची आठवण करून देणारा आधार असू द्या, आवाजाची जागा त्याला देऊ नका. लिपी वाचता येऊ लागली की ते बंद करा.

शिक्षक सगळं त्याच भाषेत बोलतात आणि मी गोठून जातो.

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण चांगले विद्यार्थी याच टप्प्यावर वर्ग सोडतात.

ऑनलाइन वर्गात शांतता फार लवकर खुपते. समोरासमोर असताना तुम्ही विचार करताय हे चेहऱ्यावरून कळतं. पडद्यावर मात्र शिक्षकांना प्रश्न पडतो: नेट गेलं, की समजलं नाही, की उत्तर येत नाही? मग ते घाईने तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतात. तुम्ही पहिलं वाक्य सोडवत असता, एवढ्यात दुसरं येऊन आदळतं. यात कमतरता कोणाचीच नसते, माध्यमाचा स्वभावच असा आहे.

म्हणून पहिल्याच तासाला दोन गोष्टी ठरवून घ्या. विचार करत असताना तुम्ही बोट वर धराल, तोवर शिक्षक थांबतील. आणि 'पुन्हा सांगा' म्हटलं की ते तेच वाक्य, त्याच शब्दांत, जरा सावकाश म्हणतील. दुसऱ्या शब्दांत समजावणं त्यानंतर. न कळलेला शब्द चॅटमध्ये लिहून द्यायला सांगा. तासानंतर ती चॅट जतन करा, कारण बऱ्याच ठिकाणी ती वर्ग बंद होताच पुसली जाते.

सोबत काही वाक्यं त्या भाषेत तोंडपाठ करा: 'एक क्षण, विचार करतोय', 'हा शब्द नवा आहे', 'याचं उदाहरण द्याल का?', 'मी असं म्हटलं तर चालेल का?', 'आवाज तुटला'. ही वाक्यं जिभेवर असली की न समजण्याचे क्षणही त्याच भाषेत पार पडतात, आणि गोठणं बरंच कमी होतं.

चुका कधी सुधारायच्या हेही बोलून घ्या. उच्चाराची चूक तिथल्या तिथे सुधारलेली बरी. तुम्ही गोष्ट सांगत असाल तर व्याकरणाच्या चुका शेवटी एकत्र ऐकाव्यात. प्रत्येक वाक्याला अडवणारे शिक्षक आणि कधीच न अडवणारे शिक्षक, दोन्ही प्रकारांत बोलणं पुढे सरकत नाही. सांगूनही बदल होत नसेल तर शिक्षक बदलण्यात काही गैर नाही.

अ‍ॅपवर रोज न चुकता सराव करतोय, पण बोलायला गेलं की शब्द सुचत नाही.

अ‍ॅपवर तुम्ही बहुतेक वेळ शब्द ओळखत असता. बोलताना तो शून्यातून आठवावा लागतो. ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिल्याच्या सरावाने दुसरं आपोआप येत नाही. रोजच्या वेळेतला निदान अर्धा वेळ आठवण्याकडे वळवा. धडा संपला की फोन पालथा ठेवा आणि त्यातलीच रचना वापरून स्वतःच्या आयुष्यातली चार-पाच वाक्यं मोठ्याने म्हणा. आज काय केलं, उद्या काय करायचंय, कोणाचा राग आला. अडलेला शब्द तेव्हा शोधा. गरज पडून शोधलेला शब्द टिकतो. न तुटलेल्या दिवसांची माळ जपण्यासाठी रात्री सर्वांत सोपा धडा उरकणं थांबवा. त्या माळेने रोज अ‍ॅप उघडण्याची सवय लागते, ते चांगलंच आहे, पण बोलणं तिच्यात मोजलं जात नाही.

फ्लॅशकार्डचा ढीग साचलाय. शेकडो कार्डं बाकी दिसतात.

माणूस शिकलेलं कसं विसरत जातो, याचे स्वतःवर केलेले प्रयोग जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केले. विसरण्याच्या सुमारास पुन्हा आठवायचं, हा आजच्या कार्डांच्या अ‍ॅप्सचा पाया आहे. २००६ पासून उपलब्ध असलेलं आंकी त्यातलं सर्वांत परिचित. ढीग साचला की नवी कार्डं शून्यावर आणा, रोजच्या उजळणीला झेपेल अशी मर्यादा घाला आणि शांतपणे उपसत राहा. आंकी आठ वेळा विसरलेल्या कार्डावर स्वतःहून खूण करतं. अशा कार्डांवर हट्ट धरू नका. नुसत्या शब्दाऐवजी तो शब्द असलेलं छोटं वाक्य घालून ती नव्याने बनवा. सगळा ढीग पुसून पहिल्यापासून सुरू करायची ऊर्मी येते. ती आवरा, त्यात नीट पाठ झालेले शब्दही हातचे जातात.

व्हिडिओचा वेग कमी करून ऐकू का? सबटायटल ठेवू का?

वेग ०.७५ पर्यंत उतरवायला हरकत नाही. त्याखाली शब्दांची एकमेकांत मिसळण्याची नैसर्गिक लय मोडते. आधी सबटायटलशिवाय एकदा, मग त्याच भाषेतल्या सबटायटलसह, मग पुन्हा त्यांच्याशिवाय. यंत्राने बनवलेली सबटायटल असतील तर नावं आणि जोडशब्द चुकीचे येतात, तेव्हा त्यांवरून शब्दलेखन शिकू नका. सुरुवातीच्या पातळीसाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचे जर्मनचे आणि एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारणसंस्थेचे जपानीचे धडे मोफत आहेत आणि त्यांतलं बोलणं शिकणाऱ्यांचा विचार करून केलेलं आहे.

एआयशी गप्पा मारून सराव केला तर?

लाज न वाटता पुन्हा पुन्हा बोलण्यासाठी उत्तम. व्याकरणाचं कारण विचारलंत तर मात्र ते चुकीचं उत्तरही तेवढ्याच आत्मविश्वासाने देतं. नियम व्याकरणाच्या पुस्तकात किंवा शिक्षकांकडे पडताळून घ्या.

वर्ग रेकॉर्ड करू शकतो का?

शिक्षकांना आणि गटातल्या सगळ्यांना विचारून, जरूर. न विचारता कधीच नाही. वर्गात लहान मुलं असतील तर त्यांच्या पालकांना विचारा.

अ‍ॅप काढून टाकलं, तरी पैसे कापले गेले.

अ‍ॅप काढल्याने वर्गणी रद्द होत नाही. अ‍ॅप स्टोअर किंवा प्ले स्टोअरमधून घेतलेली वर्गणी त्याच स्टोअरच्या 'सबस्क्रिप्शन' विभागात जाऊन रद्द करावी लागते. साइटवरून घेतलेली असेल तर साइटवर. अ‍ॅपलच्या बाबतीत मोफत काळ संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करायला हवं. कापले गेलेले पैसे परत मागायचे तर अर्जही तिथेच करायचा, जिथे पैसे भरले होते.

सगळं करून पाहिलं. आता मदत केंद्राला काय लिहू?

'चालत नाही' एवढंच लिहिलं तर उत्तरात पहिली चार पत्रं प्रश्न विचारणारीच येतात. त्याआधी दोन चाचण्या करा: तोच धडा ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडा, आणि नंतर वायफाय सोडून मोबाइल डेटावर उघडा. खासगी खिडकीत चाललं तर दोष ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेंशनचा किंवा ब्राउझरने साठवलेल्या जुन्या माहितीचा आहे. मोबाइल डेटावर चाललं तर तुमच्या नेटवर्कचा. ऑफिसच्या नेटवर्कवर फायरवॉल असं पुष्कळदा अडवते.

मग एका पत्रात एकच अडचण लिहा. उपकरण आणि त्याच्या सिस्टिमची आवृत्ती, ब्राउझर किंवा अ‍ॅपची आवृत्ती, धड्याचं नाव, घटना घडली ती वेळ टाइम झोनसह, काय दाबलं आणि काय झालं, पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, स्क्रीनशॉट, आणि वरच्या दोन चाचण्यांचा निकाल. आवाजाची तक्रार असेल तर हेडसेट कोणता आणि तो वायरचा की ब्लूटूथ, हेही. पासवर्ड मात्र कोणी मागितला तरी लिहू नका.